जुनं घर दुरुस्त करून विकायचंय? आधी पुढच्या गिऱ्हाइकाच्या बँकेला विचारा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून चालत पाच मिनिटांवर, बोळात एक जुनं घर विकायला आहे. जागा ३० बाय ३२ फूट. पुढचा भाग मातीच्या भिंतींचा, लाकडी माडी, वर मंगलोरी कौलं. मागं १९८५ च्या सुमाराला बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. मालक ४६ लाख म्हणतात. ओळखीच्या कंत्राटदारानं दुरुस्तीचे ९ लाख सांगितलेत. त्याच गल्लीतलं एक नीटनेटकं घर ७० लाखांना गेलं असं ऐकलंय. स्वतःचे २२ लाख आहेत, बाकी कर्ज काढणार. गोकुळ शिरगावला नोकरी आहे, हे जोडीला करायचं आहे. पुढच्या सोप्यात (म्हणजे दाराजवळच्या ओसरीवजा खोलीत) एक शिंपी भाड्यानं आहेत, ते जातील असं मालक म्हणतात. मालक म्हणजे तीन भाऊ, आणि एक बहीण बेळगावला दिलेली. १५ लाख सुटतील का?

उत्तर: या भावात नाही सुटणार. दोन लाखही सुटतील की नाही याची मला शंका आहे. पण नुसतं नाही म्हणून तुमचं काम व्हायचं नाही. उद्या दुसरं घर समोर येईल, तेव्हा काय बघायचं ते कळायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी १९९७ पासून कोल्हापुरात दुरुस्तीचीच कामं करतोय, नवी बांधकामं कमी. स्वतःचे पैसे घालून घेतलेली, दुरुस्त करून विकलेली घरं अकरा. त्यातली सात फायद्यात गेली, दोन जेमतेम, दोन अंगावर आली. शिकलो ते त्या दोन घरांनी शिकवलं, त्यामुळं त्यांचा उल्लेख पुढं येईलच.

घर बघायला गेलात तेव्हा तुम्हाला काय दिसलं असेल ते सांगू? गिलाव्याचे पापुद्रे सुटलेत, चार-दोन कौलं सरकलीत, न्हाणीत अंधार, जिन्याची पायरी करकरते, परड्यात गवत माजलंय. आणि तुमच्या मनात आलं असेल, एवढं नीट केलं की घर उठून दिसेल. दिसेलही. पण या सगळ्याची मला कधी भीती वाटत नाही. मला पहिला प्रश्न पडतो तो वेगळाच: हे चकचकीत झालेलं घर तुमच्याकडून घेणार कोण, आणि कुणाच्या पैशानं?

६०-७० लाखांचं घर घेणारा नोकरदार माणूस ते कर्जावरच घेतो. कर्ज म्हटलं की बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, आला. तो तुमच्या टाइल्सकडं बघत नाही. मंजूर नकाशा मागतो, पूर्णत्वाचा दाखला मागतो, भिंत कशाची, बांधकामाचं वय किती, अजून किती वर्षं टिकेल, हे फॉर्मवर लिहितो. भिंत मातीची असली की बांधकामाची किंमत नावापुरती धरायची आणि आकडा जागेवर बसवायचा, हीच रीत. मग ७० लाखांच्या सौद्याला बँक देते ती रक्कम गिऱ्हाइकाच्या कामाची राहत नाही. तो हळहळतो, "घर आवडलं होतं हो" म्हणतो आणि फुलेवाडीकडं फ्लॅट घेतो.

उरतो तो पैसे तयार असलेला गिऱ्हाईक. पण असा माणूस पेठेत जुनं घर कशाला बघतो? जागेसाठी. पाडून आर.सी.सी. बांधायला. तुम्ही हौसेनं घातलेली व्हिट्रिफाइड फरशी त्याच्या लेखी उचलून टाकायचा राडा. तो टेप काढून जागा मोजणार, बोळ मोजणार आणि जागेचा भाव सांगणार. तुमचे दुरुस्तीचे पैसे त्याच्या हिशेबात येतच नाहीत.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. गवंडी नेण्याआधी मी प्रॉपर्टी कार्डाची (शहरातल्या जागेच्या सरकारी उताऱ्याची) नक्कल घेऊन दोन बँकांत जातो आणि सरळ विचारतो, हे असं घर आहे, दुरुस्त केल्यावर कुणी कर्ज मागितलं तर तुम्ही द्याल का, आणि कशाच्या आधारावर? बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरला चार पैसे देऊन अंदाज घेतो. तुम्हीही आधी हेच करा. तुमच्या स्वतःच्या कर्जाचं उत्तरही त्याच फेरीत मिळेल, कारण २४ लाख देणारी बँकही हाच फॉर्म भरणार आहे.

आता पैसे ओतूनही न बदलणाऱ्या गोष्टी. पहिली म्हणजे बोळ. तुम्ही प्रश्नात बोळाची रुंदी लिहिलेली नाही, आणि लिहिली नाही म्हणजे ती कमीच असणार. चारचाकी आत जात नसेल तर दोन ठिकाणी फटका बसतो. एक, दुरुस्तीच्या वेळी क्रश सँड, विटा, सिमेंट सगळं तिकटीवर उतरवून हातगाड्यांनी आत न्यायचं, आणि पाडलेली माती घमेल्यांनी बाहेर आणायची. मातीची दीड-दोन फुटी भिंत पाडली की किती माल निघतो हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. तुमच्या कंत्राटदाराच्या ९ लाखांत ही वाहतूक आहे का, विचारा. दुसरा फटका विक्रीच्या वेळी. अरुंद बोळावर पुढच्या मालकाला नव्या बांधकामाची परवानगी किती मिळणार, यावर जागेचा भाव ठरतो. महापालिकेतून भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. रस्ता रुंदीकरणाची रेषा जागेतून जात असेल तर ३० बाय ३२ मधली किती जागा खरी तुमची, ते तिथंच कळेल. अंबाबाई मंदिराच्या आसपासच्या घरांना तर विकास आराखड्याचं आणि भूसंपादनाचंही बघावं लागतं. तुमचं घर तिथून जरा लांब आहे, पण नकाशावर एकदा बोट ठेवून खात्री करा.

दुसरी न बदलणारी गोष्ट पाणी. मंगळवार पेठ उंचावर आहे, तुम्हाला ही चिंता नाही. पण पुढचं घर कुठं बघाल सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, नागाळा पार्कचा खालचा भाग, व्हीनस कॉर्नर, इथं घर बघताना मालकाला काही विचारू नका, शेजारच्या दुकानदाराला विचारा, "एकवीसला पाणी कुठवर होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. पूररेषेचा नकाशाही बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम जवळपास बंद, निळी ते लाल यांच्या मध्ये अटींवर.

अंगावर आलेलं माझं पहिलं घर याच कारणानं आलं. २००४ च्या दिवाळीनंतर मेहुण्याबरोबर जयंती नाल्याच्या बाजूला एक कौलारू घर स्वस्तात घेतलं. १९८९ ला पाणी आलं होतं असं एका म्हातारबाबांनी सांगितलं, आम्ही हसण्यावारी नेलं. मे २००५ मध्ये काम संपलं, जूनमध्ये गिऱ्हाईक ठरलं, संचकारपत्र (विसार देऊन करायचा करार) दसऱ्याला करू म्हणाले. जुलैच्या शेवटी पुराचं पाणी खिडकीच्या चौकटीला लागलं. गिऱ्हाईक परत आलं नाही हे वेगळं सांगायला नको. ते घर आम्ही चार वर्षं भाड्यानं दिलं आणि घेतलेल्या किमतीला विकलं.

आता कागद. तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत महाग वाक्यं दोन: "ते जातील असं मालक म्हणतात" आणि "एक बहीण बेळगावला दिलेली".

शिंपीमामा जातील असं मालक म्हणतात, शिंपीमामा काय म्हणतात? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, आणि जुन्या भाडेकरूला त्याचं संरक्षण आहे. मालक बदलला म्हणून भाडेकरू आपोआप निघत नाही, तो तुमचा भाडेकरू होतो. मग कोर्ट. आपल्याकडं १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, मुंबईचे हेलपाटे वाचले, पण खटला तो खटलाच, आणि तुमचं कर्जाचं व्याज तारखेसाठी थांबत नाही. सोपा रिकामा करून, कब्जा सोडल्याचं रजिस्टर करून, किल्ली मालकांच्या हातात आल्यावरच तुमचा पहिला रुपया जायला हवा. त्यासाठी शिंपीमामांना जे काही द्यायचं ते मालकांनी द्यायचं. तुम्ही मध्ये पडू नका.

बहिणीचं तर अगदी सरळ आहे. लग्न होऊन गेली म्हणून हक्क जात नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. तिनं एकतर खरेदीपत्रावर सही करायची किंवा भावांच्या नावे रजिस्टर हक्कसोडपत्र द्यायचं. "ताई काही म्हणणार नाही हो," हे मी प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकलंय. ताई खरंच काही म्हणत नाही, पण घर ७० लाखांना विकल्याचं कानावर गेलं की ताईचा मुलगा म्हणतो. प्रॉपर्टी कार्ड अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद, मग पुढचं बोलणं. कार्डावरचा सत्ताप्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्कानं धारण केलीय, तेही वाचा. आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या आणि वर्ग दोनच्या (विकायला सरकारी परवानगी लागणाऱ्या) जमिनी कमी नाहीत, आणि देवस्थानची जमीन सात-बारावर किंवा कार्डावर कुणाचंही नाव असलं तरी मोकळेपणानं विकता येत नाही. उपनगरात गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला) प्लॉट असेल तर नियमितीकरणाचा दाखला मागा. ३० वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांचा शोध), स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस, घरफाळ्याची थकबाकी नसल्याचा दाखला ही नेहमीची कामं तुमचे वकील करतीलच.

हद्दीचं मात्र वकिलावर सोडू नका. सिटी सर्व्हेची मोजणी भरा. पेठेतल्या घरांना दोन बाजूंनी सामाईक भिंती असतात. तुमच्या भिंतीत शेजाऱ्याच्या माडीची तुळई घुसलेली असते आणि तुम्ही ती भिंत पाडायला घेतली की त्याची माडी तुमच्या जबाबदारीवर उभी राहते. कौलांची पागोळी कुणाच्या परड्यात पडते, मोरीचं पाणी कुणाच्या बोळातून जातं, यावरून पेठेत तीन-तीन पिढ्या बोलत नाहीत अशी घरं मी दाखवीन. शेजाऱ्यांकडं एकदा चहाला जाऊन या. हवं तर फुटबॉलच्या सीझनमध्ये संध्याकाळी जा, म्हणजे तालमीच्या फुटबॉल संघाचा जल्लोष पुढच्या गिऱ्हाइकाला झेपेल का, तेही कळेल.

इतकं सगळं पार पडलं तर मग हातोडी काढायची.

पेठेतल्या जुन्या घरात भार बहुतेक लाकडी खांबांवर असतो, भिंत नुसती भरीला. त्यामुळं आधी खांबांचे पाय बघा. खांब दगडी तळखड्यावर आहे का, की कुणीतरी फरशी उंच करताना त्याचा पाय सिमेंटमध्ये पुरलाय? पुरला असेल तर आतून कुजलाय असं धरा. मग तुळयांची टोकं, जिथं त्या भिंतीत शिरतात. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन दाबा. सागवान चांगलं असेल तर टोक आत जात नाही, नुसता ओरखडा येतो. दोन बोटं आत गेलं तर ती तुळई गेली, वरून तेलपाणी कितीही दिलेलं असो. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी. वाळवी एका खांबात दिसली म्हणजे ती एकाच खांबात आहे, असं कधी नसतं.

भिंतीच्या भेगांना घाबरू नका, पण त्यांची दिशा बघा. गिलाव्यावरच्या जाळीदार बारीक भेगा निरुपद्रवी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग असेल तर खाली जोतं बसलंय. दोन भिंतींच्या सांध्यात उभी भेग, वर रुंद आणि खाली बारीक, म्हणजे भिंत बाहेर झुकतेय. भेग जुनी आहे की चालू आहे हे कळायला तिच्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं चिकटवून ठेवायची. पावसाळा जाईपर्यंत काच तडकली नाही तर भेग थांबलीय. हे मालक करू देतील का? घाईत नसतील तर देतात. आणि घर बघायचं ते जुलै-ऑगस्टमध्येच. मे महिन्यात रंग लावून दाखवलेलं घर पावसाळ्यात एकदा न बघता घेऊ नये.

इथं माझं दुसरं फसलेलं घर सांगतो, कारण तुमच्या घराला ते अगदी लागू आहे. शनिवार पेठेत पांढऱ्या मातीच्या भिंतींचं घर होतं. जुना चुन्या-मातीचा गिलावा खरवडून मी त्यावर जाळी मारून चांगला जाड सिमेंटचा गिलावा केला, वर पुट्टी, वर रंग. घर असं दिसत होतं की गल्लीतली माणसं बघायला यायची. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मातीची भिंत जोत्यातून पाणी ओढते, आणि पूर्वी ते चुन्या-मातीच्या गिलाव्यातून वाळून जायचं. मी दोन्ही बाजू बंद केल्या. पहिल्या पावसाळ्यात तीन फुटांपर्यंत रंग फुगला, दुसऱ्या पावसाळ्यात गिलावा पाटीच्या पाटी सुटला आणि आत भिंत लगद्यासारखी मऊ झालेली निघाली. तोवर घर विकलं गेलं नव्हतं, हे त्या गिऱ्हाइकाचं नशीब. मातीच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. तो करणारे गवंडी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत आणि ते वेळ घेतात. ९ लाखांत तुमचा कंत्राटदार काय करणार आहे, मला न विचारता माहीत आहे.

मागच्या दोन खोल्यांचा स्लॅब चाळीस वर्षांचा. खालून हातोडीनं हलके ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथं काँक्रीट सळईपासून सुटलंय. तांबूस डाग, सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग, ही गंजाची खूण. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. थोड्या जागी असेल तर सुटलेलं काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरनं भरता येतं. अर्ध्याहून जास्त स्लॅब बद्द वाजत असेल तर भरत बसू नका, तो स्लॅब नवाच टाकावा लागणार.

मग गच्चीवर जा आणि कडेला कोब्याची (गळती अडवायला स्लॅबवर घातलेल्या थराची) जाडी मोजा. गळतं म्हणून दर दहा वर्षांनी एकावर एक कोबा घालायची आपल्याकडं खोड आहे. चार इंची विटांचा कोबा म्हणजे चौरस फुटाला १८-२० किलो. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस फुटाला तीसएक किलो. दोन थर झाले की स्लॅब स्वतःपेक्षा जास्त वजन डोक्यावर घेऊन उभा. वर पाण्याची टाकीही ठेवलेली असते. गळती थांबवायला तिसरा थर सुचवणाऱ्या माणसाला काम देऊ नका.

वायरिंग, नळ, ड्रेनेज यांवर जास्त लिहीत नाही. लाकडी पट्टीवरचं वायरिंग आणि गंजलेले जी.आय. पाइप दिसले की सगळं नवं, अर्थिंगसकट, असंच धरायचं. यात वाचवायला काही नसतं.

आता हिशेब. तुम्ही ७० मधून ४६ आणि ९ वजा केले, १५ उरले. मी तोच हिशेब माझ्या वहीत करतो तसा मांडतो. खरेदी ४६ लाख. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत ६ टक्के, म्हणजे २ लाख ७६ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. (खरेदी पत्नीच्या एकटीच्या नावे केलीत तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अट २०२३ मध्ये निघाली, त्यामुळं पुढच्या विक्रीला ती आड येत नाही. आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरानं येणारी, किंमत ४६ पेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्या किमतीवर बसतं, हे आधी बघा.) वकील, सर्च, मोजणी, व्हॅल्युअर मिळून ६० हजार. एजंट एक टक्का, ४६ हजार. दुरुस्तीला मी ९ नाही, १४ धरतो: माल आत-बाहेर नेणं, वाळवीचं औषध, दोन-तीन तुळया, स्लॅब, पूर्ण वायरिंग हे सगळं ९ मध्ये बसेल असं मला वाटत नाही. २४ लाखांवर दहा टक्क्यांनी चौदा महिन्यांचं व्याज २ लाख ८० हजार. चौदा महिने यासाठी की दिवाळीनंतर काम सुरू केलंत तर कौलं आणि स्लॅब मेच्या मध्याआधी व्हायलाच हवेत, आणि पितृपक्षात कुणी घर बघतही नाही. घरफाळा, लाइटबिल, राखण २५ हजार. विकताना एजंट ७० हजार.

बेरीज ६७ लाख ८७ हजार. ७० ला विकलंत तर हातात २ लाख १३ हजार. तुमचे २२ लाख चौदा महिने सात टक्क्यांच्या ठेवीत नुसते पडून राहिले असते तरी १ लाख ८० हजार मिळाले असते. म्हणजे वर्षभराची धावपळ तेहतीस हजारांसाठी, आणि त्यातूनही कर जायचा आहे. शिवाय एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नाही. २२ आणि २४ मिळून ४६ होतात, ते घरालाच गेले. दस्ताचे तीन लाख आणि दुरुस्तीचे चौदा कुठून आणणार? अर्ध्यावर काम थांबलेलं घर मूळ पडक्या घरापेक्षा कमी भावात जातं.

आणि ते ७० तरी खरे आहेत का? नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्या घराची सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा, दस्तावरचा आकडा दिसेल. मग ते घर जाऊन बघा. माझा अंदाज, ते गल्लीच्या तोंडाला असेल, आर.सी.सी. असेल आणि दारात गाडी लागत असेल. तसं असेल तर त्याची तुमच्या घराशी तुलना करायची नाही. तुमच्या घराला मी दुरुस्तीनंतर ६० धरतो.

कराचं दोन ओळींत: २४ महिन्यांच्या आत विकलंत तर नफा तुमच्या पगारात मिळवून तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याला लागू असलेल्या दरानं कर, त्यानंतर विकलंत तर साडेबारा टक्के. दुरुस्तीचा खर्च वजा मिळतो, पण बिलं हवीत आणि पैसे बँकेतून गेलेले हवेत. गवंड्याला रोखीनं दिलेल्या लाखाचा कागद नसेल तर त्या लाखावरही कर भराल. ५० लाख किंवा त्यावरच्या विक्रीत गिऱ्हाईक एक टक्का टीडीएस कापतो, तो पैसा लगेच हातात येणार नाही हेही धरा. "थोडे वरचे द्या", म्हणजे दस्तात न दाखवता रोख द्या, म्हणणाऱ्या मालकाला नाही म्हणा. ते वरचे पैसे विकताना तुमच्या खरेदीत दिसत नाहीत आणि तुमचाच नफा फुगवतात.

मग माझी सात घरं फायद्यात कशी गेली? त्यातली पाच पेठेतली नव्हतीच. राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्या, रुईकर कॉलनी, ताराबाई पार्क इथली १९८० ते ९५ मधली घरं. मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, गाडी दारात, भिंती विटांच्या. मुलं पुण्याला किंवा परदेशात, आई-वडील गेलेले, घर चार-पाच वर्षं बंद. आत वाईट वास, काळ्या पडलेल्या भिंती, जुनी मोझेक फरशी, गळकं बाथरूम. बघणारा दारातूनच परत फिरतो आणि म्हणून भाव पडतो. पण हे सगळं रंग, फरशी, प्लंबिंग यांनी निस्तरतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बँक डोळे झाकून कर्ज देते. उरलेली दोन पेठेतली, पण तिथं मी दुरुस्ती केलीच नाही. वारसनोंदी लावल्या, मोजणी केली, हद्दीचा वाद मिटवला आणि मोकळी जागा म्हणून विकली. जुनं सागवान घनफुटावर वेगळं विकलं, त्यातच पाडकामाचा खर्च निघाला.

तुमच्या घराचं तेच करता येईल का, हे खरं बघण्यासारखं आहे. पण दुरुस्तच करून विकायचं असेल तर आकडा उलटा काढा. ६० मधून दुरुस्ती १४, व्याज आणि राखण ३, कागदपत्रं आणि विक्रीचा एजंट १ लाख २०, आणि तुमच्या वर्षाचे किमान ६ लाख. उरले ३५ लाख ८० हजार, त्यात खरेदी, दस्त, एजंट सगळं बसवायचं. म्हणजे घराला ३३ लाख, तेही सोपा रिकामा आणि बेळगावच्या ताईंची सही झाल्यावर. मालक हसतील. तुमचा फोन नंबर ठेवून या. अशी घरं पेठेत दोन-दोन वर्षं विकायची राहतात, आणि तिन्ही भावांत ज्याला आधी पैशाची गरज पडेल तो फोन करेल.